जॉन डन : मृत्यूसन्मुख श्रद्धेचें वाङ्मय

मरणाविषयीं जगांत जेवढें लिहिलें गेलें आहे, त्याचा फार मोठा भाग धडधाकट माणसांनीं लिहिलेला आहे. लेखक आपल्या बैठकीवर स्वस्थ बसलेला असतो, त्याची नाडी ठीक चाललेली असते, आणि तो मरणाराला धीर देत असतो. अशा वाङ्मयाला आम्ही निरुपयोगी म्हणत नाहीं. परंतु त्याची खरी परीक्षा एकाच ठिकाणीं होते, आणि तें ठिकाण म्हणजे रोग्याची खोली. आत्मा अमर आहे हें वाक्य समाचाराला आलेला मनुष्य जितक्या सहजपणें उच्चारतो, तितक्या सहजपणें तें अंथरुणावर पडलेल्याला ऐकवत नाहीं. म्हणूनच ज्यानें स्वतः त्या अंथरुणावर पडून, आपण यांतून उठूं कीं नाहीं हें ठाऊक नसतांना, आपली श्रद्धा तपासून पाहिली, त्याच्या लेखनाला या विषयांत वेगळा मान द्यावा लागतो. इंग्रज कवि व धर्मोपदेशक जॉन डन (१५७२–१६३१) हा अशांपैकीं एक होय. त्याच्या ‘डिव्होशन्स अपॉन इमर्जंट ऑकेजन्स’ या १६२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गद्यग्रंथाला चारशें वर्षें होऊन गेलीं. मृत्यूच्या छायेंत ख्रिस्ती श्रद्धा माणसाला कोणतें सांत्वन देते व कोणतें देत नाहीं, याचा विचार या ग्रंथाच्या आधारें करावा असा आमचा हेतु आहे.

डनचें नांव मराठी वाचकांना अगदींच अपरिचित नसावें. बेटाचा आणि घंटेचा त्याचा दृष्टान्त सर्वतोमुखी झाला आहे, आणि अर्नेस्ट हेमिंग्वे यानें आपल्या १९४० सालच्या कादंबरीला त्याच परिच्छेदांतून नांव घेतलें. परंतु दृष्टान्त पुढें गेला आणि ग्रंथ मागें राहिला. विश्वबंधुत्वाचें सुभाषित म्हणून तो परिच्छेद उद्धृत करणारांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असतें कीं, तो एका तापानें गळून गेलेल्या माणसानें, शेजारच्या चर्चमधील मरणाची घंटा ऐकत, ती आपल्यासाठीं तर वाजत नाहीं ना, अशा शंकेंत लिहिला आहे. ख्रिस्ती भक्तीचें वाङ्मयहि आमच्या भाषेला परकें नाहीं. डन लहान मुलगा असतांनाच, १५७९ सालीं, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोमंतकांत आला. त्यानें मराठींत रचलेलें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. ख्रिस्ताचें मरण व पुनरुत्थान ओवीछंदांत मराठी माणसाच्या कानीं पडूं लागलें, तेव्हां डन लंडनमध्यें धर्मदीक्षा घेऊन नुकताच उपदेशाला उभा राहिला होता. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) तीच श्रद्धा अभंगाच्या मार्गानें गाइली. तेव्हां डनकडे जातांना मराठी वाचकाला अगदींच परमुलखांत गेल्यासारखें वाटण्याचें कारण नाहीं.

डनच्या आयुष्याची रूपरेषा येथें थोडक्यांत दिली पाहिजे, कारण त्याची श्रद्धा आयती मिळालेली नव्हती. तो जन्मानें कॅथॉलिक होता, आणि त्या काळच्या इंग्लंडांत कॅथॉलिक असणें म्हणजे राजद्रोहाच्या संशयाखालीं वावरणें होय. त्याचा धाकटा भाऊ हेन्री यानें एका पाद्र्याला आश्रय दिला म्हणून त्याला तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि तेथेंच तो १५९३ सालीं तापानें मेला. पुढें डनने इंग्लंडचा राजमान्य पंथ स्वीकारला. १६०१ सालीं त्यानें अ‍ॅन मोर हिच्याशीं गुप्तपणें विवाह केला, त्यामुळें त्याची नोकरी गेली आणि कांहीं दिवस बंदिवासहि घडला. मग कित्येक वर्षें दारिद्र्य, आजार आणि वाढतें कुटुंब. याच काळांत त्यानें आत्महत्येचा विचार करणारा ‘बायाथॅनॅटॉस’ हा ग्रंथ लिहिला, आणि आपल्याहि मनांत तसा कल वेळोवेळीं उठतो हें त्यांत लपविलें नाहीं. तो ग्रंथ त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. १६४७ सालीं तो बाहेर पडला. १६१५ सालीं त्यानें धर्मदीक्षा घेतली, १६१७ सालीं बाराव्या बाळंतपणानंतर अ‍ॅन वारली, आणि १६२१ सालीं तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन झाला. मरणाची ओढ आणि मरणाचें भय या दोन्ही गोष्टी ज्यानें स्वतःच्या ठिकाणीं पाहिल्या होत्या, असा हा मनुष्य होता.

१६२३ सालच्या हिंवाळ्यांत त्याला एका भयंकर सांथीच्या तापानें गांठलें. या आजारांतून ‘डिव्होशन्स’चा जन्म झाला. ग्रंथाचे तेवीस भाग आहेत, आणि आजाराची एकेक पायरी हा एकेका भागाचा विषय आहे: प्रकृतींत पहिला बदल जाणवणें, अंथरूण धरणें, वैद्याला बोलावणें, अंगावर ठिपके उठणें, रात्रंदिवस झोंप न येणें, घंटेचा आवाज, मग उतार, आणि शेवटीं रोग उलटण्याची धास्ती. प्रत्येक भागाचे पुन्हा तीन खंड: प्रथम चिंतन, मग देवाशीं वाद, आणि नंतर प्रार्थना. या रचनेंतच ग्रंथाचें मर्म आहे असें आमचें मत आहे. चिंतनांत तो मनुष्यमात्राच्या क्षणभंगुरतेकडे पाहतो. तेथें देवाचें नांव फारसें येत नाहीं. दुसऱ्या खंडांत तो देवाला सरळ प्रश्न विचारतो, तक्रार करतो, त्याच्याच शास्त्रांतील वचनें त्याच्यापुढें ठेवून झगडतो. आणि हें सर्व झाल्यावरच तो हात जोडतो. प्रार्थनेला भांडणाच्या अलीकडे जागा नाहीं. विठोबाशीं कडाडून भांडणाऱ्या संतांच्या अभंगांवर वाढलेल्या आपल्या वाचकांना यांत अश्रद्धा दिसणार नाहीं. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याशींच मनुष्य इतकें मोकळेपणें भांडतो.

निव्वळ वाङ्मय म्हणून पाहिलें तरी या ग्रंथांतील आजाराचें वर्णन विलक्षण खरें आहे. वैद्य येतो, आणि रोगी त्याच्या बोलण्याकडे लक्ष न देतां त्याचा चेहरा वाचूं लागतो. वैद्याला भय वाटत आहे हें त्याला दिसतें, आणि वैद्य तें भय झांकीत आहे म्हणून तें अधिकच मोठें दिसूं लागतें. ज्यांनीं आपल्या घरांत मोठें आजारपण पाहिलें आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाहीं. राजा आपला स्वतःचा वैद्य पाठवितो. डोक्याकडे चढणारा विकार खालीं ओढला जावा म्हणून त्या काळच्या उपचाराप्रमाणें पायांना कबुतरें लावलीं जातात. डन यांतील एकहि गोष्ट उदात्त करूं पाहत नाहीं. एकांतवासावर तर त्यानें लिहिलेलें पान आज वाचतांना अंगावर कांटा येतो. आजार हें मोठें दुःख, आणि आजारांतलें सर्वांत मोठें दुःख एकटेपणाचें, असा त्याचा आशय आहे. रोग सांसर्गिक असल्यामुळें ज्यांनीं जवळ यावें ते दूर राहतात, आणि वैद्यहि कचरत येतो. १८९६ नंतरच्या प्लेगाच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या गेल्या, आणि २०२० सालीं करोनाच्या सांथींत ज्यांना आपल्या माणसाच्या उशापाशीं बसतां आलें नाहीं, त्यांना डनचें हें पान चारशें वर्षांपूर्वींचें वाटणार नाहीं.

आतां घंटेकडे वळूं. सोळा, सतरा आणि अठरा हे तीन भाग सलग घंटेविषयींचे आहेत, आणि ते एकत्र वाचले पाहिजेत. सतराव्या भागांतील विचार जगप्रसिद्ध आहे: सर्व मानवजात हें एकच पुस्तक आहे, मरणानें त्यांतील प्रकरण फाडलें जात नसून अधिक चांगल्या भाषेंत त्याचें भाषांतर होतें, आणि कोणाहि माणसाच्या मरणानें आपणच कांहींसे उणे होतों. परंतु आमच्या मतें सांत्वनाचा गाभा अठराव्या भागांत आहे. घंटेचा सूर बदलतो. शेजारी मरण पावला. आतां तो कोठें गेला? डन शास्त्रज्ञांना विचारतो, तत्त्वज्ञांना विचारतो, धर्मपंडितांना विचारतो. जीव कोठून येतो याविषयींच त्यांचें एकमत नाहीं, मग तो कोठें जातो हें ते काय सांगणार! अखेर तो आपल्या स्वतःच्या प्रेमबुद्धीला विचारतो, आणि ती सांगते कीं तो चिरविश्रांतीला गेला. डनला त्या मृताचें नांव ठाऊक नाहीं, त्याचीं पापें ठाऊक नाहींत, त्याची श्रद्धा किती होती हेंहि ठाऊक नाहीं. तरीहि तो त्याच्याविषयीं चांगलेंच मानतो.

येथें एक गोष्ट सूक्ष्मपणें पाहण्याजोगी आहे. हाच डन स्वतःविषयीं विचार करतो तेव्हां इतका उदार नसतो. आपला आजार आपल्या पापांचें फळ आहे, हा विचार ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतो, आणि रोगाचें मूळ शोधतां शोधतां तो आपल्या अंतःकरणाचें मूळ उकरूं लागतो. या भागाशीं आम्ही सहमत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. रोग हा पापाचा दंड आहे ही कल्पना, ती ख्रिस्ती धर्मग्रंथांतून आलेली असो वा आपल्याकडील पूर्वकर्माच्या सिद्धान्तांतून आलेली असो, रोग्याच्या कानांत सांगण्यासारखी नाहीं. तिनें औषध होत नाहीं आणि जखमेवर मीठ मात्र चोळलें जातें. परंतु डनच्या बाजूनें इतकें सांगितलें पाहिजे कीं, हा आरोप तो फक्त स्वतःवर करतो. शेजाऱ्याच्या घंटेपाशीं तो पापाचा हिशेब मागत नाहीं. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालतें: स्वतःच्या दुखण्याला हवा-पाणी कारण असतें, आणि दुसऱ्याच्या दुखण्याला त्याचें कर्म!

या ग्रंथाशेजारीं डनचें मृत्यूला उद्देशून लिहिलेलें प्रसिद्ध सुनीत ठेवून पाहावें. त्याच्या ‘होली सॉनेट्स’पैकीं तें एक असून त्याच्या मृत्यूनंतर १६३३ सालीं छापलें गेलें. शोकसभांतून तें हमखास म्हटलें जातें. त्यांत कवि मृत्यूला आव्हान देतो, त्याला दुबळा ठरवितो, दैव, योगायोग आणि राजे यांचा तो गुलाम आहे असें म्हणतो. सुनीताचा वेग व त्याचा ताठा अप्रतिम आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील युक्तिवाद एकेक करून तपासले तर ते टिकत नाहींत. झोंपेनें सुख होतें म्हणून मरणानें अधिक सुख व्हावें, हें अनुमान एखाद्या चतुर वकिलाचें आहे. अफूनेंहि झोंप येते, म्हणून मृत्यूनें फुशारकी मारूं नये, हें तर निव्वळ वाक्चातुर्य होय. शेवटीं मृत्यूच मरणार असें जें कवि म्हणतो, तें या युक्तिवादांतून निघत नाहीं. तें पुनरुत्थानाच्या श्रद्धेंतून येतें, आणि ती श्रद्धा सुनीताबाहेर उभी आहे. आम्हांला असें वाटतें कीं, या सुनीतांत ओरडून भय दडपलेलें आहे, आणि ‘डिव्होशन्स’मध्यें तेंच भय उघड्यावर आणलेलें आहे. पहिलें पाठ करण्यास बरें. रात्रीं जागत बसलेल्याच्या कामीं दुसरें येईल.

अर्थात् ग्रंथ निर्दोष नाहीं. देवाशीं वाद घालणाऱ्या खंडांत शास्त्रवचनांची इतकी गर्दी होते कीं वाचक मेटाकुटीस येतो. एखादी उपमा हातीं लागली म्हणजे डन ती पिळून तिचा शेवटला थेंब काढतो. मनुष्य हें लहानसें जग आहे हा विचार त्यानें इतक्या प्रकारें फिरविला आहे कीं तो पुढें यंत्रवत् वाटूं लागतो. बुद्धीचा हा अतिरेक त्याच्या स्वभावांतच होता. तरीहि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वतःचें मन ताब्यांत ठेवण्याचें दुसरें साधन कोठें असतें? कोणी जपमाळ ओढतो, डन उपमा ओढीत राहतो.

या आजारांतून तो उठला आणि पुढें सात वर्षें जगला. त्याचें शेवटचें व्याख्यान २५ फेब्रुवारी १६३१ रोजीं व्हाइटहॉल येथें राजा पहिला चार्ल्स याच्यापुढें झालें. तेव्हां तो इतका खंगला होता कीं, त्यानें स्वतःच्याच अंत्यविधीचें प्रवचन केलें, असें ऐकणारे म्हणाले. ३१ मार्च रोजीं तो वारला, आणि पुढल्या वर्षीं हें व्याख्यान ‘डेथ्स ड्युएल’ या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याची मांडणी तीन साध्या शब्दांवर उभी आहे: मृत्यूपासून सुटका, मृत्यूमध्यें सुटका, आणि ख्रिस्ताच्या मृत्यूच्या द्वारें सुटका. पहिल्या भागांत तो मरणाचें रूप इतकें भेसूर रंगवितो कीं सुकुमार वाचकानें तो एकदम वाचूं नये. आईचें उदर हेंहि त्याला एक थडगेंच दिसतें. दुसऱ्या भागाचें महत्त्व मात्र आम्ही सर्वांत अधिक मानतों. मनुष्य कसा मेला, यावरून त्याच्या गतीचा निर्णय करूं नये, असें डन तेथें आग्रहानें सांगतो. कोणाचें दार हळुवार आजारानें अलगद उघडतें, कोणाचें घावानें फुटतें, कोणाचें वातांत बरळतां बरळतां मोडतें. देव तिन्ही दारांत सारखाच उभा असतो.

या एका विचाराचें मोल समजण्यासाठीं त्याच्या मागची परंपरा लक्षांत घेतली पाहिजे. पंधराव्या शतकांत युरोपांत ‘आर्स मोरिएंडी’ या नांवाचीं, म्हणजे मरण्याची कला शिकविणारीं पुस्तकें घरोघर गेलीं होतीं. अश्रद्धा, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि लोभ या पांच मोहांशीं मरणाऱ्याचें शेवटचें युद्ध होतें, आणि तो क्षण साधला तर सर्व साधलें, अशी त्यांची शिकवण. आपल्याकडेहि ही चिंता कांहीं कमी नाहीं. अंतकाळीं जो भाव मनांत असेल त्याला जीव पोंचतो, असें गीतेच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. आणि म्हणून सर्व काळ स्मरण ठेव, असें लगेच पुढें म्हटलें आहे. घराघरांतून पहिला अर्धा भाग लक्षांत राहिला आणि दुसरा विसरला गेला. शेवटीं मुखांत नांव आलें कीं नाहीं, गंगाजल पोंचलें कीं नाहीं, बेशुद्धींत कोणाचें नांव घेतलें, या गोष्टींवरून मागें राहिलेलीं माणसें वर्षानुवर्षें मनाला जाळून घेतात. आज कित्येकांचा शेवट रुग्णालयांत, तोंडावर नळी असतांना आणि शुद्ध नसतांना होतो; तेथें नामोच्चार कोठून व्हावा? अशा घराला डनचें हें वाक्य, ख्रिस्ती न होतांहि, आधार देऊं शकेल. जेरेमी टेलर यानें १६५१ सालच्या आपल्या ‘होली डाइंग’मध्यें मरणाची तयारी आयुष्यभर करावी, शेवटल्या घटकेवर भिस्त ठेवूं नये, असें जें प्रतिपादन केलें, तें गीतेच्या त्या दुसऱ्या अर्ध्या भागाशीं जुळणारें आहे.

डनवर एक मोठा आक्षेप घेतला जातो, त्याचा विचार केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. त्याचा पहिला चरित्रकार आयझॅक वॉल्टन यानें सांगितलें आहे कीं, शेवटल्या दिवसांत डनने कफन अंगाभोंवतीं गुंडाळून, लांकडी कलशावर उभें राहून आपलें चित्र काढवून घेतलें, आणि तें उशाशीं ठेवून तो रोज त्याकडे पाहत असे. पुढें निकोलस स्टोन यानें त्या रूपाचा संगमरवरी पुतळा घडविला. १६६६ च्या लंडनच्या आगींतून तो वांचला आणि सेंट पॉल्समध्यें तो अजून आहे. आक्षेपक म्हणतात, हें मरणाचें नाटक झालें. यांत नम्रता कोठें? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. डन जन्मभर श्रोत्यांपुढें उभा राहिलेला मनुष्य होता, आणि मरतांनाहि ती संवय त्याला सुटली नाहीं. परंतु नाटक आणि ढोंग यांत अंतर आहे. ढोंग करणारा आपल्याला भय नाहीं असें दाखवितो. डन तर ज्याचें भय वाटतें तेंच रोज डोळ्यांपुढें टांगून ठेवतो. शिवाय तो पुतळा आडवा निजलेला नाहीं, उभा आहे. डोळे मिटलेले, कफनाच्या गांठी डोक्यावर, आणि तरीहि उभा: पुनरुत्थानाच्या दिवशीं उठणाऱ्याची ती ठेवण आहे. जें सुनीताला युक्तिवादानें साधलें नाहीं, तें येथें केवळ उभें राहण्यानें साधलें आहे.

मग या श्रद्धेनें डनला सांत्वन दिलें तें नेमकें कोणतें? तिनें त्याचें भय काढून घेतलें नाहीं. १६२३ च्या आजारांत लिहिलेल्या ज्या स्तोत्राला चाल लावून घेऊन तो सेंट पॉल्समधील गायकांकडून म्हणवून घेत असे, असें वॉल्टन सांगतो, त्या स्तोत्रांतलें शेवटचें पाप हें भयाचेंच आहे: आपण अखेरीस कांठावरच नाश पावूं कीं काय, ही भीति तो देवापुढें कबूल करतो. कॅथीड्रलच्या मुख्य अधिकाऱ्यानें आपलें भय आपल्याच चर्चमध्यें आपल्याच कानांनीं गातां ऐकावें, याहून मोठी प्रांजळता आम्हांला तरी दुसरी दिसत नाहीं. श्रद्धेनें त्याला जें दिलें तें हें कीं, भय वाटत असतां तें कोणापुढें तरी बोलतां येतें. तो एकटा भितो असें राहत नाहीं. ज्या ख्रिस्तावर त्याची श्रद्धा होती, तो स्वतः मरणाच्या आदल्या रात्रीं घाबरा झाला होता व हा प्याला टळो म्हणून त्यानें प्रार्थना केली होती, असें शुभवर्तमानांत आहे. म्हणून ख्रिस्ती मनुष्याला मरणाचें भय वाटणें ही श्रद्धेची हार नव्हे. ‘डेथ्स ड्युएल’ क्रुसाजवळ येऊन थांबतें तें याच कारणानें: तेथें उत्तर मिळत नाहीं, सोबत मिळते.

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांची श्रद्धा वेगळी असेल, कांहींची मुळींच नसेल. त्यांनीं पुनरुत्थान मानावें असें सांगण्याचें आम्हांला कारण नाहीं आणि तसा अधिकारहि नाहीं. परंतु रोग्याच्या उशाशीं बसण्याची वेळ श्रद्धा पाहून येत नाहीं. त्या वेळीं डनपासून तीन गोष्टी कोणालाहि घेतां येतील. रोगी घाबरला तर त्याला घाबरूं द्यावें, त्याच्या भयाला लाज वाटेल असें बोलूं नये. त्याला देवाशीं भांडावयाचें असेल तर भांडूं द्यावें, मध्यें पडून देवाची वकिली करूं नये. आणि तो गेल्यावर तो कसा गेला याचा हिशेब न मांडतां, त्याच्याविषयीं आपलें प्रेम जें सांगेल तें मानावें. यापेक्षां अधिक सांत्वन ज्याच्यापाशीं असेल त्यानें तें अवश्य द्यावें. यापेक्षां कमी मात्र कोणीहि देऊं नये.